न चावणारे ढेकूण

१

प्रेमलाकाकूंनी ढेकणांचं आधीच सांगितलं होतं. खोलीचं दार उघडलं आणि कालिंदीनं उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायच्या आधीच त्या म्हणाल्या, "ढेकूण आहेत हो. मागाहून कुरकूर नको." मग किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचताना, खोलीला खालून गारवा आहे किंवा नळ जवळ आहे असं सांगावं, तशा सुरात म्हणाल्या, "पण चावत नाहीत."

कालिंदीला हसू आलं. खोली भाड्यानं लावायला माणसं काय काय बोलतात, एवढंच तिच्या मनात आलं. हसू तिनं पदराआड दाबलं, कारण ही खोली त्यांना हवीच होती.

दिल्लीत बादशहाचा दरबार भरला त्याच्या पुढच्या वर्षीचा हा उन्हाळा. कालिंदीचा नवरा ढुंढिराज काशीतल्या एका लहानशा पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवायचा. पाठशाळा कुणा संस्थानिकाच्या देणगीवर चालायची, म्हणजे कधी चालायची आणि कधी नुसती उघडी असायची. ढुंढिराजचं एक वेळचं जेवण अन्नछत्रात व्हायचं. दुसऱ्या वेळचं कालिंदी कसंबसं उभं करायची. भोसले घाटाजवळच्या ज्या खोलीत लग्नापासून दिवस काढले, ती मालकानं मुलाच्या लग्नासाठी परत मागितली. मग बाज, दोन वळकट्या, पोथ्यांचं गाठोडं आणि चार वर्षांची बकुळ एवढा संसार घेऊन ती दोघं पंचगंगा घाटावरच्या या गल्लीत आली.

गल्ली इतकी अरुंद होती की समोरून गाय आली तर माणसानं कुणाच्या तरी दारात शिरावं. वर मशिदीची उंच भिंत. तिच्यामुळे आभाळाची नुसती चिंधी दिसायची. घर दगडी होतं. काकू वरच्या मजल्यावर एकट्याच राहत. त्यांचे यजमान घाटावर संकल्प सांगायचे, ते वारून बरीच वर्षं झाली होती. खाली चौकाला लागून दोन खोल्या. एक कालिंदीची. तिला खिडकी नव्हती, पण त्यामुळेच वैशाखातही भिंती गार असत. तिच्या पाठीला पाठ लावून दुसरी. तिच्या दाराला मोठं गंजकं कुलूप होतं.

"तिकडे कोण राहतं, काकू?"

"कोणी नाही," काकू म्हणाल्या, आणि जिना चढू लागल्या.

२

ढेकूण होते, आणि काकू बोलल्या त्याहून फार होते. बाजेच्या खुरांच्या सांध्यांत होते, सुंभाच्या पिळांत होते, वळकट्यांच्या शिवणीत होते. पोथ्यांच्या लाकडी पाट्यांतसुद्धा त्यांनी घर केलं. कालिंदीला ढेकूण नवे नव्हते. काशीत भाड्यानं राहणाऱ्याला ते नवे नसतातच. पहिल्याच आठवड्यात तिनं बाज उचलून गल्लीत नेली, दगडावर आपटली आणि सांध्यासांध्यात उकळतं पाणी ओतलं. कडुनिंबाच्या पाल्याची धुरी केली. शेजारणीकडून वाटीभर घासलेट मागून आणलं आणि कापडाच्या बोळ्यानं खुरांना चोपडलं. वळकट्या दिवसभर गच्चीवरच्या उन्हात टाकल्या. संध्याकाळी दार लावून चिमणी लावली, तर भिंतीवर पुन्हा तेच ठिपके हळूहळू सरकताना दिसले.

एक तिनं अंगठ्यानं चिरडला. अंगठा लाल झाला. घाण वास सुटला, जुन्या कोथिंबिरीसारखा. दुसरा चिरडला, तोही भरलेला निघाला.

तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटलं ते पुढे काही दिवसांनी, बकुळीला न्हाऊ घालताना. चौकातल्या उजेडात तिनं पोरीची पाठ पाहिली, काखा पाहिल्या, मानेच्या वळ्या पाहिल्या. एक चट्टा नव्हता. तिनं स्वतःचे दंड पाहिले. संध्याकाळी नवऱ्याला उघडं बसवून त्याची पाठ चाचपली.

"काय शोधतेस?" ढुंढिराज म्हणाला.

"तुम्हाला चावलेत कुठे?"

"नाही. छान झोप लागते इथं."

"मलाही नाही. बकुळीलाही नाही."

"मग काकू खरं बोलल्या म्हणायच्या. तक्रार कशाची?"

कालिंदीनं भिंतीवरचा एक ढेकूण नखानं टिपला आणि त्याच्यापुढे बोट धरलं. "अहो, मग हे रक्त कुणाचं?"

ढुंढिराजला असा प्रश्न कोणी विचारला की तो खूश होई. त्यानं मांडी नीट घातली. "रक्त आहे, त्याअर्थी शरीर आहे. ते आपलं नाही, त्याअर्थी दुसऱ्याचं आहे. उंदराचं असेल, घुशीचं असेल, पारव्याचं असेल. काशीत काय शरीरांची वाण आहे?"

तिला ते पटलं. पटावं असंच तो बोलायचा. तरी त्या रात्री अंथरूण घालताना तिनं बाज मागच्या भिंतीपासून हातभर पुढे ओढली.

३

दुपारी लूचा तापलेला वारा सुटला की सगळी गल्ली दारं लावून घ्यायची. खोलीत भर दुपारी रात्रीसारखा अंधार व्हायचा. ढुंढिराज पाठशाळेत, बकुळ बाजेवर झोपलेली, आणि कालिंदी चिमणीच्या उजेडात तांदूळ निवडत बसायची.

अशाच एका दुपारी तिचं लक्ष मागच्या भिंतीतल्या कोनाड्याकडे गेलं. कोनाड्याच्या तळाशी गिलावा सुटला होता आणि दोन दगडांमधली फट उघडी पडली होती. बोट जाईल एवढी. फटीच्या तोंडाशी ढेकणांची ये-जा चालली होती. तिनं चिमणी जवळ नेली.

खोलीतून आत जाणारे ढेकूण चपटे होते, वाळक्या पापुद्र्यासारखे. बाहेर येणारे टम्म होते, इतके की त्यांना चालवत नव्हतं. एकमेकांना वाट देत ते जात-येत होते, बाजारातून येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांसारखे. आलेले भिंतीवरून उतरत आणि तिच्याच बाजेच्या खुरात शिरून पडून राहत.

म्हणजे ते राहत होते इकडे, आणि जेवायला जात होते तिकडे.

ती बसून पाहत राहिली. तेव्हाच तिच्या ध्यानात आलं की आपल्याला एक आवाज ऐकू येतोय आणि तो बराच वेळ येतोय. खर्र... खर्र... थांबून पुन्हा खर्र. इतके दिवस तिला वाटायचं, काकू वर राखेनं भांडी घासतात. पण काकू तर आज सकाळीच विश्वनाथाला जाते म्हणून गेल्या होत्या आणि आल्या नव्हत्या. आवाज समोरून येत होता. खाजवणाऱ्या माणसाचा हात पुरेना झाला की तो अंग सुंभावर घासतो, तसा.

घूस असेल, ती मनाशी म्हणाली. घूस भिंतीला अंग घासते. तांदळाचं सूप मांडीवर घेऊन तिनं निवडायला सुरुवात केली, आणि थोड्या वेळानं पाहते तर तिनं खडे ठेवून तांदूळ बाजूला टाकले होते.

संध्याकाळी काकू आल्या तशी ती जिन्यावर जाऊन उभी राहिली.

"काकू, मागच्या खोलीत पूर्वी कोण होतं?"

"अन्नपूर्णाबाई म्हणून होत्या एक. नागपूरकडच्या. काशीवासाला आल्या होत्या, कोणी मागंपुढं नाही. यांच्या ओळखीनं आल्या." काकूंनी हातातला प्रसाद तिच्यापुढे धरला. "वारल्या."

"इथंच?"

"इथंच. मरायलाच येतात ना गं माणसं काशीत? मणिकर्णिकेला नेलं. यांनीच अग्नी दिला. अस्थी सोडल्या. सगळं यथासांग झालं." मग तिच्याकडे नीट पाहून काकू म्हणाल्या, "का? चावला की काय एखादा?"

"नाही."

"मग झालं तर."

४

कालिंदीनं दुसऱ्या दिवशी फट बुजवली. चुना तिच्याकडे होता. गल्लीत पडलेली वीट कुटून तिनं भुकटी केली, दोन्ही कालवून गोळा केला आणि पळीच्या दांड्यानं फटीत आतवर कोंबला. मग चिमणी घेऊन भिंतीभर फिरली. जिथं जिथं रेघ दिसली तिथं तिथं चुना भरला. काम संपलं तेव्हा तिची बोटं चुन्यानं सोलवटली होती, पण मनाला फार बरं वाटत होतं.

दुपारी आवाज झाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या का चौथ्या दुपारी बकुळ बाजेवर उठून बसली होती. तिचं आईशी मराठी आणि गल्लीत हिंदी चालायचं, आणि झोपेतून उठली की दोन्हींची खिचडी व्हायची. भिंतीकडे बोट करून ती हळूच म्हणाली, "आई, दादी सो गई."

"कोण दादी?"

बकुळीनं ओठांवर बोट ठेवलं.

कालिंदी भिंतीजवळ गेली. कान लावला. आधी काहीच नव्हतं, नुसता दगडाचा गारवा. मग ऐकू आला तो श्वास. लांब, सावकाश, तळापासून वर येणारा, आणि सोडताना जरासा घरघरणारा. फार दिवसांचं जागरण झालेल्या माणसाला झोप लागली की श्वास असा चालतो. बाळंतपणानंतर माहेरी तू अशीच झोपली होतीस, असं आई सांगायची, ते तिला आठवलं. तिनं कान काढून घेतला. दोन घरांच्या मधून वारा वाहतो, तो असेल. मशिदीच्या भिंतीवर आपटून वारा काय काय आवाज करतो.

त्या रात्री ढेकूण चावले.

सकाळी बकुळीच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, मानेपासून पोटऱ्यांपर्यंत. रांगेत, शेजारी शेजारी, शिवण घालावी तशा. कालिंदीला आणि ढुंढिराजलाही चावले होते, पण पोरीला सर्वांत जास्त. तिची कातडी कोवळी. कालिंदीनं पुन्हा बाज आपटली, पुन्हा पाणी उकळलं. बाज सोडून पोरीला घेऊन जमिनीवर झोपली. ढेकूण छतावरून पडले. बकुळ रात्रभर खाजवायची आणि दिवसा मलूल पडून राहायची. आठवड्याभरात तिच्या डोळ्यांच्या आतली लाली गेली. नखं पांढरी झाली. वैद्यबुवांनी पापणी ओढून पाहिली आणि म्हणाले, "पोरीच्या अंगात रक्त राहिलं नाही. जागा बदला."

जागा बदलायला त्यांनी कमी पायपीट केली नाही. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पार अस्सीपर्यंत ढुंढिराज फिरला. मराठी माणसं पाहून लोक आधी या म्हणायचे. सध्या कुठं राहता म्हणून विचारायचे. घर सांगितलं की त्यांचा चेहरा बदलायचा. एक यजमानीण तर दारातूनच म्हणाली, "नहीं बाबा, आपकी गठरी में खटमल आएँगे." धर्मशाळेत यात्रेकरूला तीन रात्री राहता येत होतं, काशीत राहणाऱ्याला एकही नाही. घाटाच्या पायऱ्यांवर झोपून पाहिलं. पण दिवसा दगड असे तापायचे की बकुळीला वरून लूचाही ताप भरला, आणि तिला पुन्हा त्या गार, काळ्या खोलीत आणावं लागलं.

५

"मी ती खोली उघडून बघतो," ढुंढिराज एका दुपारी म्हणाला. "घूस मेली असेल, ढेकणांचं मोहोळ असेल, जे असेल ते. डोळ्यांनी पाहिलं की अनुमानाची गरजच राहत नाही. घासलेट ओतून पेटवून देऊ."

काकूंनी किल्ली द्यायला मुळीच आढेवेढे घेतले नाहीत. जुडग्यातून एक काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. "बघा की शास्त्रीबुवा. तुमच्या मनाचं समाधान होऊ दे."

कालिंदी बकुळीला मांडीवर घेऊन आपल्या खोलीत बसली. कुलूप करकरलं. दार उघडल्याचं ऐकू आलं. मग नवऱ्याची पावलं, तिच्या पाठीमागच्या भिंतीपलीकडे. पावलं थांबली. थोडा वेळ काहीच नाही. मग सुंभ ताणला जावा तसा बारीक आवाज आला, आणि लगेच पावलं, भराभर, चौकातून, दारातून, गल्लीतून खाली घाटाच्या दिशेनं.

तो परतला तेव्हा नखशिखांत ओला होता. नेसूचं धोतर, उपरणं, जानवं, सगळं ओलं. प्रेताला हात लागल्यावर माणूस नेसत्या वस्त्रानिशी बुडी मारतो, तसा तो बुडी मारून आला होता. भर उन्हातून आला तरी त्याचे दात वाजत होते.

"अहो, काय होतं तिथं?"

"काही दिसलं नाही."

"खोली रिकामी आहे?"

"काही दिसलं नाही, कालिंदी."

आठ वर्षांच्या संसारात ती त्याच्याकडून काही शिकली असेल तर ते हेच, की शब्द जपून ऐकावा. 'नाही' आणि 'दिसलं नाही' यांत केवढं अंतर आहे, हे विद्यार्थ्यांना समजावताना त्याचा घसा सुकायचा. आज तो त्या अंतराच्या पलीकडे जायला तयार नव्हता. तिनं पान वाढलं. तो पानावर बसला, उजवा हात भाताजवळ नेला, आणि बोटांकडे पाहत राहिला. मग हात मागं घेतला आणि उठला.

"मी जरा पाठशाळेत पडतो," तो म्हणाला. बायकोकडे त्यानं पाहिलं नाही, आणि पोरीकडे तर नाहीच.

६

तो गेल्यावर काकू खाली आल्या. बकुळीच्या कपाळावर त्यांनी हात ठेवला आणि उगाच तिचे केस सारखे केले. पोरीच्या कानामागून एक ढेकूण निघाला, संथपणे गालावरून उतरला. टम्म भरलेला होता.

"तू भोक बुजवलंस ना गं?" काकूंनी विचारलं.

कालिंदीनं तो ढेकूण पोरीच्या गालावरून काढून टाकला.

"मोकळं कर ते. त्यांचं तिकडे भागतं."

"काकू, तिकडे आहे कोण?"

"सांगितलं ना, कोणी नाही." काकूंचा आवाज चढलाही नाही, उतरलाही नाही. "बाई अंगानं लुळ्या होत्या. कूस बदलता यायची नाही. कोणी बदलून द्यावी, तर वास फार. घरातले होते नव्हते तेवढे ढेकूण त्यांच्याकडे गेले. आम्हाला कधी चावले नाहीत. चांगल्या पुष्कळ दिवस जगल्या." त्या उठल्या, लुगडं झटकलं. "आता तुझं तू बघ. पोर तुझी आहे."

त्या गेल्या. त्यांची पावलं जिन्यावर वाजली नाहीत. त्या जिन्याखालीच कुठंतरी थांबल्या असाव्यात.

भिंतीपलीकडून तो श्वास येत होता, वर, खाली, वर, खाली. कालिंदीनं ठरवलं की तो वाराच आहे. मग तिला वाटलं, वारा असेल तर भोक मोकळं करायला हरकत काय? आणि वारा नसेल तर? एवढी गाढ झोप. किती वर्षांनी लागली असेल. मांडीवर बकुळ कण्हली आणि झोपेतच मांडी खाजवू लागली. नखांना जोर नव्हता. त्या हाताकडे पाहून कालिंदी पोरीला बाजेवर निजवून उठली.

चुना चांगला धरला होता. पळीच्या दांड्यानं तो निघेना, तेव्हा तिनं उलथनं आणलं. पहिला ढलपा पडला तसा पलीकडचा श्वास अडखळला. ती थांबली. श्वास पुन्हा लागला. तिनं दुसरा ढलपा काढला, हलक्या हातानं, झोपलेल्या घरात चोरी करावी तसा. शेवटचा गोळा पलीकडे पडला आणि फटीतून उजेड आला. ढुंढिराज पळताना त्या खोलीचं दार तसंच टाकून गेला होता.

तिनं फटीला डोळा लावला.

समोर एक बाज होती. तिच्यावर काही नव्हतं. सुंभ मात्र मधोमध खोल ओढला गेला होता, वर माणूस असल्यासारखा.

तिच्या गालाला काहीतरी लागलं. ढेकूण निघाले होते. वळकट्यांतून, बाजेतून, छतावरून खाली, कोनाड्यात, तिच्या कपाळावरून, फटीतून. चपटे, भुकेले. ती हलली नाही. पलीकडे उतरलेले ते तिला दिसले, आधी जमिनीवर एक काळसर ओघळ, मग बाजेचा खूर. खुरावरून ते सुंभावर आले. आणि तिथून पुढे ते वर चढले, जिथं चढायला काही नव्हतं.

आधी टाच झाली. टाचेवरून ते पुढे पसरले आणि पाऊल झालं, बोटं वाकडी. नडगी झाली. गुडघा झाला, बारीक, गाठीसारखा. ते मांडीवरून वर सरकत होते, कुठं दाट, कुठं विरळ, आणि त्यांच्याखाली पोकळी होती, आणि ती पोकळी हलत होती. श्वास थांबला. जिथं हात असायचा तिथं ढेकणांची एक ओळ उचलली गेली, अंगावर आली, आणि सुरू झालं. खर्र. खर्र.

ढेकूण गळ्यापर्यंत आले होते. उशाकडची बाजू हलली. कालिंदीनं डोळा काढून घेतला.

भिंतीला पाठ टेकून ती खाली बसली. बकुळीच्या अंगावर आता एकही ढेकूण नव्हता. पोरीनं कूस बदलली, अंगठा तोंडात घातला आणि कित्येक दिवसांनी घट्ट झोपली. पलीकडे कुणीतरी दार ओढून घेतलं. कुलूप लागल्याचा आवाज झाला. मग जिन्यावर पावलं वाजली आणि वरून काकूंनी विचारलं,

"कालिंदी, झोपली का गं पोर?"

"झोपली," कालिंदी म्हणाली.